सर, फी भरायच्या आधी जरा थांबा

पत्र थोडक्यात असं: कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावच्या हायस्कूलमधले शिक्षक लिहितात. इतिहास आणि इंग्रजी शिकवतात, शाळा मराठी माध्यमाची, अनुदानित. 6 ऑगस्टला कागदी बगळे करून हिरोशिमा दिन, 21 सप्टेंबरला जागतिक शांतता दिन, 2 ऑक्टोबरला प्रभातफेरी, हे सगळं ते दरवर्षी मनापासून करतात. यंदा त्यांनी नववीतल्या चार मुलांचे फॉर्म एका 'इंटरनॅशनल युथ पीस समिट'साठी ऑनलाइन भरले आणि थोड्याच दिवसांत चौघंही सिलेक्ट झाल्याचा ईमेल आला. समिट परदेशातल्या एका हॉटेलात, चार दिवसांची, ब्रोशरवर यूएनचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा, लोगो. फी, विमान, व्हिसा मिळून एका मुलामागे दीड लाख, पहिला हप्ता दहा दिवसांत. हेडसर खूश आहेत, गेटवर फ्लेक्स लावायचं ठरलंय. एका मुलीचे वडील म्हणतात दूध संस्थेतून उचल घेतो, कमी पडलं तर एक म्हैस विकतो. सरांचा प्रश्न: "शहरातल्या इंटरनॅशनल स्कूलची पोरं दरवर्षी जातात. माझ्या पोरांसाठी पहिल्यांदा दार उघडलंय आणि मीच आडवा येऊ का? लोकवर्गणी काढू का? का खेड्यातल्या मास्तरने या फंदात पडूच नये?"

सर, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून आधी खूप बरं वाटलं, कारण शाळांमध्ये 'दिन' साजरे होतात, फोटो ग्रुपवर जातात आणि विषय संपतो, तुमचा मात्र संपलेला नाही, तुम्हाला त्याच्या पुढे जायचंय. आणि मग त्या म्हशीच्या ओळीवर मी अडकले ती अडकलेच. म्हणून घाईचं आधी सांगते, बाकीचं सावकाश बोलू. त्या ईमेलला आज पैसे पाठवू नका. आणि त्या मुलीच्या वडिलांना आज संध्याकाळीच धारेच्या वेळी गाठून सांगा की उचल घेऊ नका, सरांची चौकशी चालू आहे. दहा दिवसांची मुदत त्यांनी घातलीय, तुम्ही ती पाळायलाच पाहिजे असं काही नाही. मुदत वाढवून मागा आणि काय उत्तर येतं ते बघा, त्या उत्तरातच निम्मं कळेल.

आता ती समिट खरी की खोटी हे मी इथे बसून सांगू शकत नाही, आणि न बघता कुणाला फसवे म्हणणार पण नाही. पण तुम्ही लिहिलंय त्यातल्या काही गोष्टी मला खटकल्या. फॉर्म भरला आणि लगेच चौघंही सिलेक्ट, ना इंटरव्ह्यू, ना मुलांनी लिहिलेलं काही वाचलं, ना शाळेला एक फोन. मग निवड केली कशावरून? दुसरं, मुलं चौदा वर्षांची आहेत. 2015 साली यूएनच्या सुरक्षा परिषदेने तरुण आणि शांतता या विषयावर 2250 नंबरचा ठराव केला, हल्लीच्या बऱ्याच युथ परिषदा त्याचं नाव सांगतात, पण त्या ठरावातला 'तरुण' 18 ते 29 वयाचा आहे. नववीच्या मुलांना बोलवायचं तर त्यांची राहायची सोय, सोबत किती मोठी माणसं, रात्री जबाबदारी कुणाची, आजारी पडलं तर काय, हे सगळं त्यांनी आपणहून लिहून पाठवायला हवं होतं. आणि तिसरं ते लोगो. ब्रोशरवर यूएनची निळी खूण आहे म्हणून तो कार्यक्रम यूएनचा होत नाही, अगदी यूएनच्या इमारतीत हॉल मिळवून घेतलेला कार्यक्रमसुद्धा यूएनचा असतोच असं नाही. त्यांना सरळ पाच गोष्टी विचारा, लेखी: संस्था कुठे रजिस्टर आहे, मागच्या वर्षी कोणत्या शाळा आल्या होत्या आणि त्यातल्या एकदोन शिक्षकांचे नंबर द्या, रोजचा कार्यक्रम काय, मुलांच्या सुरक्षेचं लेखी धोरण काय, आणि व्हिसा नाकारला गेला तर पैसे परत मिळतात का. नंबर मिळाले तर फोन नक्की करा, आणि "कसं झालं" एवढंच विचारू नका, "परत आल्यावर मुलांनी काय केलं" ते विचारा.

फी आहे म्हणजे फसवणूकच, असंही समजू नका. सीआयएसव्ही नावाची एक जुनी संस्था आहे, दुसऱ्या महायुद्धानंतर डॉरिस ॲलन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी ती कल्पना मांडली, लहान वयातच मुलं एकत्र राहिली तर मोठेपणी एकमेकांना शत्रू मानणं अवघड जाईल म्हणून, आणि पहिलं शिबिर 1951 साली सिनसिनाटीला झालं. तिथे अकरा वर्षांची मुलं देशोदेशीहून येऊन काही आठवडे एकत्र राहतात, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठी वेगळं शिबिर असतं. खर्च पालकांनाच करावा लागतो, पण तो कशाचा हे समोर असतं, सोबत तयारी करून घेतलेला मोठा माणूस जातो आणि जायच्या आधी मुलांची तयारी चालते. म्हणजे पैसे मागितले एवढ्यावरून निकाल लावू नका, पैशाच्या बदल्यात मुलांना नक्की काय मिळणार हे तपासा.

आणि 'काय मिळणार' याचंच मला जास्त बोलायचंय.

1993 पासून अमेरिकेत मेन राज्यात सीड्स ऑफ पीस नावाचा कॅम्प भरतो. सुरुवातीला इस्रायली, पॅलेस्टिनी आणि इजिप्तची मुलं, आणि 2001 पासून भारत आणि पाकिस्तानचीही मुलं त्यात गेली, आपल्या मुंबईची मुलं लाहोरच्या मुलांबरोबर एका केबिनमध्ये राहिली. साधारण तीन आठवडे. सकाळी खेळ, पोहणं, एकत्र जेवण, आणि रोज ठरलेल्या वेळी शिकवून तयार केलेली माणसं मुलांना समोरासमोर बसवतात, की बोला आता, काश्मीरवर बोला, फाळणीवर बोला, तुमच्या आजोबांनी काय सांगितलं ते बोला. मुलं तिथे भांडतात, रडतात, उठून जातात, परत येऊन बसतात. गोड गोड काही नसतं त्यात. आणि तरी त्या कॅम्पवर टीका होते की घरी गेल्यावर काय, घरी तर तेच गाव, तीच बातमी, तेच युद्ध. हा प्रश्न तीन आठवडे घासून काम करणाऱ्यांना अजून सुटलेला नाही सर. मग चार दिवसांच्या समिटमध्ये, ज्यातला एक दिवस उद्घाटनाचा, एक साइटसीइंगचा आणि एका संध्याकाळी आपापल्या देशाचे कपडे घालून डान्स, तिथे तुमची मुलगी कुणाशी किती बोलणार? मुलांना विमान, समुद्र, मोठं हॉटेल बघायला मिळेल, तो आनंद मी कमी लेखत नाही. पण मग ती सहल आहे, आणि सहलीसाठी म्हैस विकायची का हे त्या घराने उघड्या डोळ्यांनी ठरवू दे.

तुम्ही म्हणाल, बाई कोल्ह्याला द्राक्षं आंबट शिकवतायत. तसं नाही. शहरातल्या पोरांना मिळतं ते माझ्या पोरांना का नाही, हा तुमचा राग मला अगदी बरोबर वाटतो, आणि खऱ्या संधी कुठे आहेत ते पुढे सांगतेच. पण तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही गृहीत धरलीय, की 'इंटरनॅशनल' जे काही आहे ते गावाबाहेर आहे आणि तिथे पोचायला विमान लागतं. तुम्ही कोल्हापूरचे आहात म्हणून विचारते, लग्नाचा बस्ता बांधायला गांधीनगरला किती वेळा गेलात? आख्खा जिल्हा जातो. तिथे कापडाच्या पेठेत उभं राहून तुमच्या मुलांना कधी सांगितलंत का की इथे पोलंडची पाच हजार माणसं राहत होती?

इतिहासाचे शिक्षक आहात, तुम्हाला माहीत असेलच, पण इतर वाचकांसाठी सांगते. 1939 ला पोलंडचे दोन लचके तोडले गेले, पूर्वेचा भाग सोव्हिएत रशियाने घेतला आणि तिथली लाखो माणसं घरातून उचलून सैबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकली. 1941 ला हिटलर रशियावर उलटला, मग यातल्या काहींची सुटका झाली, ती इराणमार्गे निघाली आणि त्यातली काही भारतात आली. जामनगरजवळ बालाचडीला नवानगर संस्थानचे राजे जामसाहेब यांनी अनाथ मुलांना आसरा दिला, आणि 1943 पासून कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला मोठा कॅम्प वसला, बहुतेक बायका आणि मुलं. शाळा होत्या, चर्च होतं, स्काउट होते, नाटकं व्हायची. युद्ध संपलं तरी त्यांना घरी जाता येईना, कारण त्यांची गावंच आता सोव्हिएत हद्दीत गेली होती. 1948 पर्यंत ती जगभर पांगली. आणि त्याच जागेवर, त्याच बराकींत, फाळणीत सिंधमधून निघालेली सिंधी कुटुंबं येऊन राहिली, त्याचं गांधीनगर झालं. एकाच मातीवर दोन निर्वासित कहाण्या, लागोपाठ, आणि आपण तिथून साड्या घेऊन येतो.

ऑगस्ट 2024 मध्ये पंतप्रधान वॉर्साला गेले तेव्हा तिथल्या कोल्हापूरच्या स्मारकाला त्यांनी फुलं वाहिली, आणि जामसाहेबांच्या नावाने दरवर्षी वीस पोलिश तरुणांना भारतात बोलवायची योजना जाहीर केली. म्हणजे सर, दार उघडायचंच तर ते तुमच्या अंगणात उघडतं.

मी तुमच्या जागी असते तर पुढचा महिना असा लावला असता. नववीचा आख्खा वर्ग, चार मुलं नाही, गांधीनगरला न्यायचा. आधी वर्गात प्रश्न तयार करायचे, आणि प्रश्न साधे हवेत, 'फाळणीबद्दल तुमचं मत काय' असले नकोत. तुमच्या घरचे कुठून आले, निघताना काय उचललं, इथे आल्यावर पहिली ओळख कुणाशी झाली, इथल्या कुणी मदत केली, कुणी त्रास दिला. त्या पिढीतली माणसं आता ऐंशीच्या पुढे असतील, मोजकीच उरलीत, त्यामुळे पुढच्या वर्षी बघू म्हणायला वाव नाही. आधी तुम्ही एकटे जा, दोन-तीन दुकानदारांशी चहा घ्या, घरात कोण आहे विचारा, मुलं येतील म्हणून परवानगी घ्या, लग्नसराई टाळा. मोबाईलवर रेकॉर्ड करायचं तर विचारून करा. कोल्हापुरात महावीर गार्डनमध्ये पोलिश लोकांचं स्मारक आहे आणि शहरात त्यांची दफनभूमीही आहे, तिथे एक फेरी होऊ दे, तिथली नावं मुलांनी वहीत उतरवू दे, परदेशी नाव वाचायला किती जड जातं हे कळलं की त्या पोलिश आजीबाईंना 'कोल्हापूर' म्हणायला किती जड गेलं असेल तेही कळतं.

मग मुंबईत पोलंडचं कॉन्सुलेट आहे, त्यांना शाळेच्या लेटरहेडवर पत्र लिहा, सोबत मुलांनी जमवलेलं पाच-सहा पानांत जोडा, आणि एवढंच मागा की पोलंडमधल्या एखाद्या शाळेशी आमच्या वर्गाची गाठ घालून द्या. जिल्हाधिकारी कार्यालयातही एक पत्र देऊन ठेवा, की पोलंडची तरुण मंडळी कोल्हापूरला आली तर आमच्या शाळेला तासभर मिळावा. उत्तर लगेच येईल असं मी म्हणणार नाही, दोनतीनदा आठवण करावी लागेल. पण रिकाम्या हाताने "आमची शाळा शांततेसाठी काम करते" म्हणणाऱ्या शाळेपेक्षा तुमच्या पाच पानांना वजन आहे, कारण ते दुसरी कुठली शाळा लिहूच शकत नाही.

इंग्रजीची भीती तुम्ही पत्रात घातलीय. वर्ग मिळून एक पत्र लिहायचं असेल तर मुलं आधी मराठीत लिहू देत, मग तुम्ही मिळून इंग्रजी करा, फोनवरचं ट्रान्सलेशन वापरा, चुका राहू देत, तिकडच्या मुलांचंही इंग्रजी घरचं नसतंच. फक्त पत्रात भारत किती महान आहे ते नको. घरी कोण कोण आहे, सकाळी काय खाता, कशावरून भांडता, पावसात शाळेत कसं येता. 2019 आणि 2021 चा पूर आठवणारी मुलं आहेत तुमच्याकडे, घर सोडून दुसऱ्याच्या शाळेत झोपणं काय असतं हे त्यांना पुस्तकातून शिकवावं लागत नाही.

आता एक जरा अवघड बोलते, रागावू नका. ती चार मुलं तुम्ही निवडलीत कशी? पत्रात लिहिलंय की ज्यांचं इंग्रजी बरं आहे आणि घरचे काहीतरी करून पैसे उभे करतील अशी. समजू शकते. पण मग शांततेचं शिक्षण वर्गातल्या ज्याला आधीच सगळं जमतं त्यालाच मिळालं. जो मागच्या बाकावर बसून रोज मारामारी करतो, जिच्याशी मधल्या सुट्टीत कुणी डबा वाटत नाही, त्यांचं काय? आणि दिवाळीनंतर कारखान्याचा सीझन सुरू झाला की तुमच्या शिवारात बीडकडची ऊसतोड कुटुंबं कोप्या, म्हणजे झोपड्या, टाकतात, त्यांची मुलं तुमच्या मुलांच्याच वयाची, सहा महिने गावात असून गावाची नसतात. पोलंडच्या मुलाशी झूमवर हसून बोलणारा आपला विद्यार्थी कोपीतल्या मुलाला खेळायला घेत नसेल तर कुठेतरी आपलं चुकतंय. त्यांच्याबरोबर एक क्रिकेटची मॅच, मिक्स टीम करून, गाव विरुद्ध टोळी अशी नाही, एवढं तरी यंदा करा. मुकादमाशी बोलून वेळ ठरवा, कारण पहाटेपासून ती मुलंही फडात असतात.

आणि जून 2023. मोबाईलवरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं, शाहू महाराजांच्या गावात हे झालं म्हणून आपण सगळेच हादरलो होतो. तुमची मुलं तेव्हा लहान होती, आता त्यांच्या हातात तोच मोबाईल आहे. या विषयावर वर्गात बोलणं हिरोशिमाबद्दल बोलण्यापेक्षा फार अवघड आहे, मला माहीत आहे, पालक चिडू शकतात, संस्था म्हणू शकते कशाला नसती उठाठेव. म्हणून कोण बरोबर कोण चूक इथून सुरू करू नका. एखादा भडक फॉरवर्ड आला तर तो खरा आहे का हे कसं बघायचं, पुढे ढकलायच्या आधी कुणाला विचारायचं, आणि आपल्या वर्गातल्या दुसऱ्या धर्माच्या मित्राला तो वाचून काय वाटेल, एवढ्यावर एक तास घ्या. दर महिन्याला घ्या. हेडसरांना विश्वासात घेऊन घ्या. त्यांना कागद लागत असेल तर 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी एनसीईआरटीने 'शांततेसाठी शिक्षण' या विषयाचा स्वतंत्र अभ्यासगट नेमला होता, त्याचा पेपर नेटवर आहे, तो छापून टेबलावर ठेवा.

आता परदेशाच्या खऱ्या वाटा. पुण्याजवळ मुळशीकडे 1997 पासून यूडब्ल्यूसी (युनायटेड वर्ल्ड कॉलेजेस) महिंद्रा कॉलेज आहे. यूडब्ल्यूसी ही चळवळच मुळी शीतयुद्धाच्या काळात, 1962 साली वेल्समध्ये सुरू झाली, वेगवेगळ्या देशांच्या मुलांनी दोन वर्षं एकत्र राहून शिकावं म्हणून, आणि आज तिची कॉलेजं अनेक देशांत आहेत. दहावीच्या सुमाराला अर्ज करायचा असतो, निवड भारतातली समिती करते, आणि घरची परिस्थिती बघून स्कॉलरशिप मिळते. निबंध, इंटरव्ह्यू असतात, आणि तुमच्या मुलीने गांधीनगरला जाऊन जे ऐकलं ते तिथे सांगण्यासारखं आहे. दुसरं, एएफएस. पहिल्या महायुद्धात जखमींना वाहून नेणाऱ्या ॲम्ब्युलन्स ड्रायव्हरांची ही संघटना, दुसऱ्या महायुद्धानंतर तिने शाळकरी मुलांची देवाणघेवाण सुरू केली, भारतातही आहे. काही स्कॉलरशिपमध्ये पूर्ण खर्च दिला जातो, पण सरकारी पैशावर चालणारे प्रोग्राम एखाद्या वर्षी कमी होतात, बंदही पडतात, म्हणून त्या त्या वर्षीची स्थिती फोन करून विचारा, जुन्या ब्लॉगवर विसंबू नका. घरबसल्या करायचं असेल तर आयअर्न ही संस्था 1988 पासून वेगवेगळ्या देशांतल्या वर्गांना एकत्र प्रोजेक्ट करायला जोडून देते. यूएनचा युथ फोरम दरवर्षी न्यूयॉर्कला भरतो, तो लाइव्ह बघायला पैसे लागत नाहीत, दहावीच्या मुलांना एक सेशन दाखवून त्यावर वाद घाला. आणि तुमचे ते 6 ऑगस्टचे कागदी बगळे नंतर कुठे जातात? हिरोशिमा शहर जगभरातून पोस्टाने आलेले बगळे स्वीकारतं आणि मुलांच्या शांती स्मारकापाशी ठेवतं. यंदाचे टाकून देऊ नका, पाठवा.

जाता जाता पासपोर्ट काढून ठेवायला सांगा, ज्यांना जमेल त्यांना. संधी येते तेव्हा बहुतेक वेळा पासपोर्टच नसतो. आणि शाळेच्या नावाने मुलं कुठेही न्यायची तर संस्थेची आणि शिक्षण विभागाची लेखी परवानगी आधी घ्या, पालकांची दोघांची सही घ्या, नंतर तुमच्या एकट्याच्या गळ्यात यायला नको.

इतर जिल्ह्यांतले शिक्षक हे वाचत असतील तर तुमच्याकडेही असं काहीतरी आहे. सोलापूरकरांकडे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आहेत, 1938 साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, जखमींवर उपचार करता करता 1942 ला तिथेच वारले, त्यांचं स्मारक सोलापुरातच आहे. चंद्रपूरकडे सोमनाथला बाबा आमट्यांनी सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी आहे, मे महिन्यात राज्यभरातली मुलं सकाळी फावडं घेऊन राबतात आणि नंतर चर्चेला बसतात, कॉलेजात गेलेल्या माजी विद्यार्थ्यांना तिकडे पाठवा, खर्च फारसा येत नाही.

राहिली ती चार मुलं. त्यांना 'समिट खोटी होती' असं सांगू नका, त्यांचं मन मोडेल आणि खोटी आहे हे अजून ठरलंही नाही. चौघांना बसवून ते पाच प्रश्न दाखवा, ईमेल त्यांच्याकडूनच लिहून घ्या, आलेलं उत्तर त्यांच्यासोबतच वाचा. उत्तर समाधानकारक आलं, आणि ज्याचे पालक कर्ज न काढता पाठवू शकतात त्यांना पाठवायचं असेल, तर ते पालक ठरवतील, पण शाळेच्या नावाने नको आणि लोकवर्गणी तर अजिबात नको. सहा लाख गोळा करायची तुमची पत असेल तर ती सगळ्या वर्गासाठी राखून ठेवा. हेडसरांना फ्लेक्स हवाच असेल तर गांधीनगरच्या फेरीचा लावा, त्यात आख्खी नववी येईल. आणि त्या मुलीच्या घरी जाल तेव्हा तिच्यासमोरच वडिलांना यूडब्ल्यूसीचं सांगा, दहावीला अजून वेळ आहे, तोवर इंग्रजी बोलायची रोज अर्धा तास सवय तुम्ही लावून द्या.